छायाचित्रणातील चौकट : पूर्ण व कर्तित

भिंगाने कॅमेऱ्याच्या आत पाडलेली प्रतिमा वर्तुळाकार असते. तिच्यातील जेवढा आयताकृती भाग फिल्मवर, किंवा आजच्या कॅमेऱ्यात सेन्सर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकाशसंवेदक पट्टिकेवर नोंदला जातो, त्यास चौकट म्हणतात. ३६ मिमी. रुंद व २४ मिमी. उंच चौकटीस ‘पूर्ण चौकट’ किंवा फुल फ्रेम आणि तीहून लहान, सामान्यतः २३·५ × १५·६ मिमी. च्या जवळपास असलेल्या चौकटीस ‘कर्तित चौकट’ किंवा क्रॉप सेन्सर असे म्हणण्याचा प्रघात आहे. या नावांमुळे पहिली चौकट अव्यंग आणि दुसरी तिच्यातून काही छाटून उरलेली, असा ग्रह होतो. ३६ × २४ हे माप मात्र प्रकाशविज्ञानाच्या कोणत्याही नियमातून निघालेले नाही. ते चलच्चित्रपटाच्या पट्टीवरून आले आणि प्रथम आले तेव्हा त्यालाच ‘लघू’ म्हटले गेले होते. दोहोंतील निवड करताना हा इतिहास ठाऊक असणे उपयुक्त ठरते. अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा हे थंड हवेचे ठिकाण व त्याभोवतीचे मेळघाटचे अरण्य येथे ही निवड ज्या स्वरूपात पुढे येते, त्या आधारे तिचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

काचपट्टीचा काळ : एकोणिसाव्या शतकात चौकट केवढी असावी हा प्रश्न मुख्यतः छपाईचा होता. फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ओल्या कलोडियन पद्धतीत काचेच्या पट्टीवर व्यस्त चित्र मिळे व ती पट्टी संवेदनशील कागदावर ठेवून उन्हात छपाई केली जाई. चित्र मोठे करून छापण्याची सोय व्यवहारात जवळजवळ नसल्याने जेवढे चित्र हवे तेवढीच पट्टी, आणि पट्टीच्या मापाचा कॅमेरा, असा हिशेब होता. सॅम्युएल बोर्न याने १८६३ नंतर हिमालयात केलेल्या सफरींत काचा, रसायने व अंधाऱ्या खोलीचा तंबू वाहून नेण्यासाठी डझनावारी हमाल लागत. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी १८४४ पासून नेमलेला मेजर रॉबर्ट गिल हाही पुढे कॅमेऱ्याकडे वळला. पश्चिम हिंदुस्थानातील वास्तू व निसर्गेतिहास यांविषयीचा त्याचा शंभर चित्रांचा संग्रह जेम्स फर्ग्युसन याच्या वर्णनासह १८६४ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. ही चित्रे त्रिमितिदर्शकातून पाहावयाची, म्हणून जोडीने घेतलेली व आकाराने लहान होती. दुर्गम प्रदेशात एकट्याने काम करणाऱ्यास लहान पट्टी पेलते, हे व्यवहारज्ञान अशा रीतीने छायाचित्रणाच्या बाल्यावस्थेइतकेच जुने आहे.

छत्तीस बाय चोवीसचा जन्म : जॉर्ज ईस्टमन याच्या कोडॅक कॅमेऱ्याने (१८८८) गुंडाळीच्या फिल्मचा प्रसार केला. एडिसनच्या प्रयोगशाळेतील विल्यम डिक्सन याने १८९२ च्या सुमारास ईस्टमनची ७० मिमी. रुंदीची फिल्म उभी चिरून ३५ मिमी. ची केली, तिच्या दोन्ही कडांना छिद्रे पाडली आणि चार छिद्रांच्या अंतरात सु. २४ × १८ मिमी. चे एक चित्र बसविले. जगभरच्या चित्रपटउद्योगाने हेच माप स्वीकारले. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये लंडनहून आणलेला विल्यमसन कॅमेरा व त्याबरोबरचे छिद्रे पाडण्याचे यंत्र याच पट्टीसाठी होते. राजा हरिश्चंद्र (१९१३) या चित्रपटासाठी कोऱ्या फिल्मला छिद्रे पाडण्याचे किचकट काम फाळके यांच्या दादरच्या घरात होत असे व त्यात सरस्वतीबाईंचा हात होता.

त्याच सुमारास जर्मनीतील वेट्‌सलार येथे लाइट्स या सूक्ष्मदर्शक बनविणाऱ्या कारखान्यात ऑस्कर बार्नाक हा यंत्रज्ञ चित्रपटाची हीच फिल्म वापरून स्थिरचित्रांचा एक छोटा कॅमेरा तयार करीत होता. जड कॅमेरा पाठीवर घेऊन डोंगर चढणे त्याला प्रकृतीमुळे झेपत नसे. त्याने फिल्म आडवी फिरविली आणि चाराऐवजी आठ छिद्रांच्या अंतरात एक चित्र घेतले. चित्रपटाची चौकट दुप्पट झाली व ३६ × २४ मिमी. हे माप जन्मास आले. बार्नाकचा नमुना १९१३-१४ चा. पहिले महायुद्ध व नंतरची मंदी यांमुळे लायका कॅमेरा विक्रीस येण्यास १९२५ ची लाइप्‌सिक येथील जत्रा उजाडली. ‘लहान व्यस्त चित्र, मोठे छापील चित्र’ हे बार्नाकचे सूत्र होते. मोठ्या पट्ट्यांवर काम करणाऱ्या व्यावसायिकांना मात्र हा कॅमेरा खेळणे वाटला. जर्मन भाषेत ३५ मिमी. स्थिरचित्रणास ‘लघुचित्र’ अशा अर्थाचाच शब्द रूढ झाला. आज ज्यास पूर्ण म्हणतात ते माप अशा प्रकारे डोंगर चढणाऱ्या एका माणसाने ओझे कमी करण्यासाठी पत्करलेली तडजोड होय.

भारतात स्वातंत्र्योत्तर काळातही मध्यमवर्गीय घरांतील कॅमेरा बहुधा १२० क्रमांकाच्या रुंद फिल्मचा असे. बडोद्यास तयार होणारा आग्फा क्लिक-३ हा त्यांपैकी सर्वांत परिचित असून त्याची चौकट ६ × ६ सेंमी. होती. जिल्ह्याच्या गावांतील स्टुडिओंतही याच मापाचे दोन भिंगांचे कॅमेरे असत. फिल्म महाग होती. उदकमंडलम् येथील हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्यात १९६७ पासून निघू लागलेली ‘इंदु’ फिल्म आता इतिहासजमा झाली आहे. जपानमध्ये ओलिंपस कंपनीने १९५९ मध्ये योशिहिसा माइतानी याने आखलेला पेन हा कॅमेरा आणला. त्यात बार्नाकची चौकट पुन्हा अर्धी करून छत्तीस चित्रांच्या गुंडाळीवर बहात्तर चित्रे घेता येत. काटकसरीचा तो एक चतुर मार्ग होता.

सेन्सरचे युग : प्रकाशाचे विद्युत् भारात रूपांतर करून तो मोजण्याची भारसंयुग्मित प्रयुक्ती विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनी बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये शोधली. या शोधासाठी त्यांना २००९ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. कोडॅकमधील स्टीव्हन सॅसन याने १९७५ मध्ये बनविलेल्या पहिल्या अंकीय कॅमेऱ्यात अवघे १०,००० चित्रबिंदू होते. कोडॅकने १९९१ मध्ये निकॉन एफ-३ या फिल्म कॅमेऱ्यास १३ लक्ष चित्रबिंदूंचा सेन्सर जोडला. तो ३६ × २४ पेक्षा बराच लहान होता आणि तेथूनच कापलेल्या चौकटीचा प्रश्न उपस्थित झाला. भिंगे जुन्या चौकटीसाठी घडविलेली आणि मागचा सेन्सर लहान, यामुळे प्रतिमेच्या कडा वाया जाऊ लागल्या.

सेन्सर लहान का, याचे उत्तर सिलिकॉनच्या चकतीत आहे. एका गोल चकतीवर अनेक सेन्सर कोरले जातात व प्रत्येक चकतीत काही दोष विखुरलेले असतात. सेन्सर जितका मोठा तितके चकतीवर ते कमी बसतात आणि त्यांपैकी दोषाच्या तडाख्यात सापडणाऱ्यांचे प्रमाणही वाढते. शिवाय ३६ × २४ मिमी. हे क्षेत्र परिपथ कोरणाऱ्या यंत्राच्या एका उद्भासनात मावत नाही; ते भागाभागाने उमटवून सांधावे लागते. म्हणून क्षेत्रफळ सव्वादोन-अडीच पट असले, तरी उत्पादनखर्च त्याहून कितीतरी अधिक पटींनी वाढे.

निकॉन डी-१ (१९९९) या कॅमेऱ्यात २३·७ × १५·६ मिमी. चा सेन्सर होता. त्याच्या मापाचे नावही उसनेच आहे : १९९६ मध्ये काही कंपन्यांनी मिळून एपीएस ही नवी फिल्मपद्धती आणली होती. तिच्यातील ‘सी’ चौकट साधारण एवढीच असल्याने कर्तित सेन्सरला एपीएस-सी म्हणू लागले. ती फिल्म २०११ मध्ये बंद पडली, नाव मात्र उरले. पूर्ण मापाचा सेन्सर असलेले कॉन्टॅक्स व कॅनन यांचे कॅमेरे २००२ मध्ये आले. त्यांपैकी कॅनन १-डीएस ची किंमत सु. ८,००० डॉलर होती, तर पुढील वर्षी आलेला त्याच कंपनीचा कर्तित चौकटीचा ३००-डी हजार डॉलरांच्या आत मिळे. या दोहोंतील अंतर २००५ मधील कॅनन ५-डी या सु. ३,३०० डॉलरांच्या कॅमेऱ्याने प्रथम कमी केले. निकॉनने ऑगस्ट २००७ मध्ये एकाच दिवशी पूर्ण चौकटीचा डी-३ आणि कर्तित चौकटीचा डी-३०० जाहीर केले. दोहोंत सु. १ कोटी २० लक्ष चित्रबिंदू होते. चौकटीच्या मापाचा परिणाम शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची ही उत्तम संधी होती. मंद प्रकाशात डी-३ ची चित्रे स्पष्टपणे अधिक स्वच्छ येत, परंतु अरण्यात जाणाऱ्या अनेकांनी डी-३०० च पसंत केला. या विसंगत भासणाऱ्या निवडीस सबळ कारण होते.

चौकटीचे गणित : पूर्ण चौकटीचे क्षेत्रफळ ८६४ चौ. मिमी., कर्तित चौकटीचे सु. ३६७ चौ. मिमी. एवढे असते. तेच दृश्य, तेच छिद्र व तेवढाच उद्भासनकाल असेल, तर मोठ्या चौकटीवर एकंदर प्रकाश सु. २·३ पट पडतो. प्रकाश जितका अधिक तितकी त्याच्या मोजणीतील अनिश्चितता, म्हणजे चित्रातील रवाळपणा, कमी. मात्र त्यासाठी दृश्याने चौकट भरलेली असली पाहिजे. ही अट विसरली गेल्याने या विषयावरील बहुतेक वाद निष्फळ होतात.

दुसरा गैरसमज केंद्रांतराविषयी आहे. ३०० मिमी. चे भिंग कर्तित चौकटीवर ‘४५० मिमी. चे होते’ असे विक्रेते सांगतात. केंद्रांतर हा भिंगाचा गुणधर्म असून तो मागे काय बसविले आहे यावर अवलंबून नसतो. बदलतो तो दृश्यकोन. तथापि पूर्ण चौकटीवर तोच दृश्यकोन व तेवढाच एकंदर प्रकाश मिळविण्यासाठी एफ/४ च्या ३०० मिमी. भिंगाऐवजी एफ/६ चे ४५० मिमी. भिंग लागते. दोहोंच्या छिद्राचा व्यास काढला असता तो ७५ मिमी. च येतो. दूरच्या प्राण्याकडून येणारा प्रकाश किती गोळा होणार, हे अंती पुढच्या काचेच्या व्यासावर ठरते.

चिखलदऱ्यातील निवड : चिखलदरा समुद्रसपाटीपासून सु. १,१०० मी. उंचीवर, सातपुड्याच्या गाविलगड डोंगररांगेत आहे. भीमाने कीचकाला मारून येथील दरीत टाकले व ‘कीचकदरा’ या नावाचे पुढे चिखलदरा झाले, अशी लोकसमजूत आहे. पावसाळ्यात भीमकुंड, पंचबोल, मोझरी या स्थळांवरून दिसणाऱ्या दऱ्या धुक्याने भरतात. धुक्याचे चित्र वरवर सोपे वाटते, परंतु त्यात काळ्या-पांढऱ्याचा ठळक विरोध नसतो; करड्या रंगाच्या अत्यंत जवळजवळच्या छटा असतात. छपाईपूर्वी त्या थोड्या ताणून वेगळ्या कराव्या लागतात आणि ताणताच सपाट भागांतील रवा वर येतो. येथे दरी संपूर्ण चौकट भरीत असते, म्हणून पूर्ण चौकटीचा लाभ पुरेपूर मिळतो. गाविलगड किल्ल्यातही तसेच आहे. बहमनी सुलतान अहमदशाह वली याच्याशी १४२५ च्या सुमारास ज्याची बांधणी निगडित आहे आणि १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने जो मराठ्यांकडून घेतला, त्या या किल्ल्याच्या दिल्ली दरवाजावरील गंडभेरुंडाचे शिल्प सायंकाळी सावलीत असते. मशिदीच्या कमानींखाली उजेड आणखी कमी. तिवई नसेल, तर मोठी चौकट येथे उपयोगी पडते. तिवई असेल व उद्भासन हवे तेवढे लांबविता येत असेल, तर भिंतीवर लावण्याजोग्या मोठ्या छापील चित्रातच काय तो फरक जाणवेल. पावसाळी हवेत भिंगांत बुरशी धरण्याचा धोका दोन्ही प्रकारांत सारखाच.

किल्ल्यावरून उतरून सेमाडोह किंवा कोलकासच्या सागवनात शिरले की हिशेब उलटतो. या वनांत रानपिंगळा हा लहानसा घुबडवर्गीय पक्षी आढळतो. अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम याने १८७३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. जेम्स डेव्हिडसन याने १८८४ मध्ये खानदेशात मिळविलेल्या नमुन्यानंतर त्याचा विश्वसनीय पुरावा शंभर वर्षांहून अधिक काळ मिळाला नाही. १९१४ चा म्हणून दाखविला जाणारा कर्नल माइनर्टझॅगन याचा नमुना हा संग्रहालयातून चोरून खोटी चिठ्ठी लावलेला जुनाच पक्षी असल्याचे पामेला रासमुसेन हिने सिद्ध केले. त्या बनावट स्थळाच्या आधारे झालेले शोध साहजिकच व्यर्थ गेले होते. रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट यांना नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ हा पक्षी जिवंत आढळला. त्यांनी त्याचे चित्रण केले आणि पुराव्यासाठी पक्षी मारावा लागला नाही. पुढील पाहण्यांत मेळघाट हे त्याचे एक प्रमुख आश्रयस्थान असल्याचे दिसून आले.

गावोगाव दिसणाऱ्या साध्या पिंगळ्याहून हा ओळखावयाचा तो बारीक खुणांवरून : डोक्यावर ठिपके जवळजवळ नसणे, छातीच्या वरच्या भागाचा सलग तपकिरी रंग, पंख व शेपटीवरील रुंद पट्टे. पक्ष्याची लांबी सु. २३ सेंमी. ३० मी. अंतरावरून ४०० मिमी. च्या भिंगाने पाहिले असता त्याची प्रतिमा सेन्सरवर सु. ३ मिमी. लांबीची पडते. सेन्सर पूर्ण असो वा कर्तित, प्रतिमा ३ मिमी. चीच राहते, मोठ्या सेन्सरचे उरलेले क्षेत्र पानांची व आकाशाची नोंद घेत बसते. दोन्ही सेन्सरांवर २ कोटी ४० लक्ष चित्रबिंदू आहेत असे धरल्यास, पूर्ण चौकटीत त्या ३ मिमी. मध्ये सु. ५१० आणि कर्तित चौकटीत सु. ७८० बिंदू येतात. छातीवर ठिपका आहे की नाही हा वाद ज्यावर मिटावयाचा, तो तपशील येथे लहान चौकट अधिक देते, तोही पुष्कळ कमी किंमतीत. याला एक नैतिक बाजूही आहे. ज्याच्या कॅमेऱ्यास पक्षी लांबून पुरेसा मोठा मिळत नाही, तो पुढे सरकतो; आणि वीणकाळात ढोलीजवळ सरकणे हा त्या पक्ष्यावर अन्यायच होय.

मचाणावरील पौर्णिमेच्या रात्रीसंबंधी नेहमी विचारले जाते. पूर्ण चंद्राचा प्रकाश सूर्यप्रकाशाच्या सु. चार लाखांश असतो. तेथे २·३ पटींच्या फरकाने पाणवठ्यावरील अस्वलाचे चित्र सुधारेल ही आशा भाबडी आहे. कोणताही कॅमेरा असला, तरी ती रात्र डोळ्यांनीच पाहावी.

मेळघाटातील सर्वांत महत्त्वाचे छायाचित्रण या दोन्ही चौकटींच्या बाहेरचे आहे. १९७३-७४ मध्ये स्थापन झालेल्या देशातील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी मेळघाट एक आहे. पूर्वी तेथे पावलांच्या ठशांवरून वाघ मोजीत. २००६ च्या देशव्यापी गणनेपासून स्वयंचलित कॅमेऱ्यांचा आधार घेतला जाऊ लागला. पायवाटेच्या दोन्ही बाजूंस समोरासमोर कॅमेरे बांधतात, कारण वाघाच्या डाव्या व उजव्या अंगावरील पट्टे भिन्न असतात व प्रत्येक वाघाची पट्ट्यांची रचना स्वतंत्र असते. एफ. डब्ल्यू. चँपियन या वनाधिकाऱ्याने १९२० च्या दशकात तारेच्या सापळ्याने वाघाकडूनच त्याचे चित्र घेवविले, तेव्हा त्याला काचपट्टीचा अवजड कॅमेरा वापरावा लागला होता. आजच्या स्वयंचलित कॅमेऱ्याचा सेन्सर नखाएवढाही नसतो. वाघ तीन-चार मीटरांवरून जातो, चौकट भरतो, आणि पट्टे मोजण्यास ते चित्र पुरते.

अलीकडील स्थिती : सोनीने २०१३ मध्ये आरसा नसलेला पूर्ण चौकटीचा ए-७ कॅमेरा आणला. निकॉन व कॅनन यांनी २०१८ मध्ये तोच मार्ग धरला. त्यामुळे कॅमेऱ्याच्या वजनातील फरक घटला, भिंगांच्या वजनातील मात्र राहिला. निकॉन डी-८५० (२०१७) सारख्या ४ कोटी ५७ लक्ष चित्रबिंदूंच्या पूर्ण चौकटीतून कर्तित चौकटीएवढा भाग कापून घेतला, तरी सु. १ कोटी ९४ लक्ष बिंदू उरतात. एकाच यंत्रात दोन्ही चौकटी आल्या, असे अशा कॅमेऱ्याविषयी म्हणता येईल. फक्त त्याची किंमत सामान्य हौशी माणसाच्या आवाक्याबाहेरची असते. कॅमेऱ्यासाठी ठरविलेल्या रकमेचा मोठा भाग पूर्ण चौकटीवर खर्चून भिंगासाठी थोडेच शिल्लक ठेवणारा ग्राहक धुक्याच्या दरीत समाधानी राहील, परंतु सागवनात त्याची निराशा होईल. परतवाड्याहून घाट चढून चिखलदऱ्यास येणाऱ्यांपैकी ज्यांचा कल पक्ष्यांकडे आहे, त्यांनी कर्तित चौकट आणि मोठ्या व्यासाचे लांब भिंग घ्यावे. किल्ला, दरी, आणि होळीच्या दिवसांत रात्री रंगणारी कोरकूंची नृत्ये ज्यांना टिपावयाची आहेत, त्यांनी पूर्ण चौकटीचा जुना, दुसऱ्याने वापरलेला कॅमेरा मिळाला तरी तो पत्करावा. भिंग घेताना ते कोणत्या चौकटीसाठी घडविलेले आहे हे आधी पाहावे लागते : कर्तित चौकटीचे भिंग पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्यावर बसविले, तर त्याचे प्रतिमावर्तुळ अपुरे पडून चित्राचे चारही कोपरे काळे येतात, आणि ते टाळण्यासाठी अनेक कॅमेरे आपण होऊन कडा कापून टाकतात.